डेंग्यू गेला, थायरॉइड राहिला: गोळी सुरू करू की थांबू?

निपाणीजवळच्या खेड्यातून एक ३१ वर्षांच्या वाचक लिहितात: श्रावणात डेंग्यू झाला. एनएस१ ही डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट ६२ हजारांवर उतरल्या, चार दिवस सलाईन लागलं. ताप गेला, पण थकवा राहिला. केस गळू लागले, पाळी लांबली, वजन तीन किलो वाढून ५८ वर गेलं. ताप गेल्यानंतर दीड महिन्यानं रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; ग्रंथी मंदावली की ते चढतं) १४.२, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) जेमतेम मर्यादेच्या आत आणि टीपीओ अँटीबॉडी ६०० च्या वर. डॉक्टरांनी कन्नडमध्ये भराभर समजावलं, त्यातलं अर्धंच कळलं. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी (लिव्होथायरॉक्सिन) लिहून दिली. ती महिनाभर कपाटातच आहे. सासूबाई म्हणतात, ताप अंगात मुरलाय, निघाला की आपोआप बरं वाटेल, जन्माची गोळी कशाला लावून घेतेस? दिरांनी कोल्हापुरातलं एक पॅकेज शोधलंय: व्हायरसच्या सगळ्या तपासण्या आणि शरीरशुद्धी, अठरा हजार रुपये. पाच वर्षांच्या मुलीची लस राहिली आहे, तीही आता टोचून घ्यावी की नाही कळत नाही. गडहिंग्लजच्या मावशी बरीच वर्षं थायरॉइडची गोळी घेतात. आणि शेवटी एक ओळ: दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे.

ताई, तुमची शेवटची ओळ आधी घेऊ. पाळी लांबली आहे असं लिहिलंत. थायरॉइड मंदावला की पाळी लांबते हे खरं, पण उद्या सकाळी आधी लघवीची गर्भतपासणी करून घ्या. पट्टी मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. दिवस गेले असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पहिले तीन-साडेतीन महिने बाळाला लागणारं थायरॉइडचं हार्मोन मुख्यतः आईकडून जातं, कारण तोवर त्याची स्वतःची ग्रंथी नीट कामाला लागलेली नसते. टीएसएच १४ असताना गर्भ राहिला तर गर्भपाताचा धोकाही वाढतो. पट्टी निगेटिव्ह आली तर टीएसएच २.५ च्या खाली येईपर्यंत दिवस राहू देऊ नका, निरोध वापरा. दोन-चार महिन्यांचाच प्रश्न आहे.

आता तापाकडे वळू. तुम्ही, सासूबाई आणि दीर तिघंही एक गोष्ट धरून चालला आहात: डेंग्यूनं थायरॉइड झाला, म्हणजे डेंग्यूचा निचरा झाला की थायरॉइडही जाईल. यातला पहिला भाग अर्धवट खरा असू शकतो. दुसरा त्यातून निघत नाही.

टीपीओ अँटीबॉडी म्हणजे आपल्याच रोगप्रतिकारशक्तीनं थायरॉइडमधल्या एका एन्झाइमविरुद्ध उभी केलेली प्रथिनं. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या, ग्रंथी हळूहळू मंदावणाऱ्या आजारात (त्यालाच हाशिमोटो म्हणतात) त्या सहसा चढलेल्या असतात, आणि टीएसएच वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. भारतातल्या आठ शहरांमध्ये झालेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे २२ टक्के प्रौढांमध्ये या अँटीबॉडी सापडल्या, तर थायरॉइड मंदावलेले लोक होते ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अँटीबॉडी घेऊन ठणठणीत फिरणारी माणसं भरपूर आहेत. डेंग्यू नसता झाला तर तुम्हीही टीएसएच तपासायला गेला नसता. त्यामुळे ६०० चा आकडा श्रावणानंतर तयार झाला की आधीपासून होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मावशींची गोळी पाहता तो आधीपासूनचा असण्याचीच शक्यता जास्त वाटते. भिंतीत ओल आधीच मुरलेली असते, पोपडा पहिल्या जोरदार पावसात पडतो.

घराण्याचा वाटा किती, ते जुळ्यांच्या अभ्यासातून कळतं. थायरॉइडचा दुसरा ऑटोइम्यून, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीमुळं होणारा, आजार म्हणजे ग्रेव्हज, ज्यात ग्रंथी उलट जास्त काम करते. डेन्मार्कमध्ये असं दिसलं की एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ग्रेव्हज असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण ३५ टक्के आहे, साध्या जुळ्यांत फक्त ३ टक्के. रक्ताचं नातं जबरदस्त, पण तेवढ्यावर भागत नाही. उरलेल्या कारणांत बाळंतपण, आयोडीनचा अतिरेक, धूम्रपान, काही औषधं आणि व्हायरस यांची नावं येतात.

व्हायरसवर संशय उगीच नाही. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन सोडतात. त्याच्या प्रभावाखाली थायरॉइडच्या पेशी आपल्या आतली प्रथिनं पृष्ठभागावर जास्त मांडू लागतात आणि गस्तीवरच्या रोगप्रतिकारक पेशींचं तिकडं लक्ष जातं. ज्यांचा कल मुळातच तिकडे असतो त्यांच्यात हा हल्ला ताप उतरल्यावरही थांबत नाही. याचा सर्वांत ठळक पुरावा औषधातून मिळाला. पूर्वी हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा अनेक रुग्णांना त्या उपचारातच थायरॉइडचा आजार जडला. सगळ्या विषाणूंमध्ये हिपॅटायटिस सी चा संबंध सर्वांत पक्का मानला जातो. एपस्टीन-बार, पार्वो, एन्टेरोव्हायरस यांच्यावर संशय आहे. कोविडनंतर थायरॉइडला दुखरी सूज आल्याच्या नोंदी २०२० पासून आहेत, तशा तुरळक नोंदी डेंग्यूनंतरच्याही आहेत. पण डेंग्यूनं हाशिमोटो होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

मग ‘तापामुळं का?’ हा प्रश्न फक्त एका वळणावर कामाचा आहे, पण तिथं तो फार महत्त्वाचा. विषाणूच्या तापानंतर थायरॉइडला येणारी दुखरी सूज हा हाशिमोटोपेक्षा वेगळा आजार आहे. तो साधारण दोन ते आठ आठवड्यांत सुरू होतो. गळ्याच्या पुढच्या भागात दुखतं, गिळताना कळ येते, ती जबड्याकडे किंवा कानाकडे जाते. हात लावू देत नाही इतकं दुखतं. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) बहुधा ५० च्या वर असतो. ग्रंथीत साठलेलं हार्मोन एकदम रक्तात सांडतं, म्हणून आधी काही आठवडे धडधड, घाम, हाताला कंप आणि वजन घटणं दिसतं. साठा संपला की थकवा, थंडी, जडपणा येतो आणि टीएसएच चढतो. पुढं काही महिन्यांत बहुतेकांची ग्रंथी सावरते. जन्मभर गोळी लागणारे थोडेच, शंभरात पाच ते पंधरा. सासूबाईंचं म्हणणं या आजाराला बरंचसं लागू पडतं. त्यांना तसं सांगा. त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत.

तुम्ही गळा दुखल्याचं लिहिलेलं नाही. ताप उतरल्यावर दोन-तीन आठवडे धडधड होत होती का, अन्न पोटात असून वजन उतरत होतं का, तेवढं आठवून पाहा. नसेल, आणि टीपीओ एवढी चढलेली असेल, तर तराजू हाशिमोटोकडे झुकतो. दुखऱ्या सुजेत टीपीओ सहसा नसते किंवा थोडीच असते.

आणखी एक घोळ राहतो. कुठल्याही मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही दिवस आपोआप वर जातो, कधी कधी २० पर्यंतही, आणि मग खाली येतो. म्हणून तापात किंवा ताप उतरल्याबरोबर थायरॉइड तपासू नये. सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावेत. तुमची तपासणी त्या सीमेवर झाली. आता अडीच महिने उलटलेत, त्यामुळे या आठवड्यात टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा करा. टीपीओ पुन्हा करू नका. तो आकडा उपचार ठरवत नाही, ६०० चा ४०० झाला म्हणून काही सुधारलं असं होत नाही, आणि पैसे मात्र जातात. उपाशीपोटी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिन असलेल्या गोळ्या घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद करा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. शक्यतो आधीच्याच लॅबमध्ये जा. निपाणीची लॅब आणि कोल्हापूरची लॅब यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, आणि मग १४ चे ११ झाले म्हणजे फरक पडला की यंत्र बदललं, तेच कळत नाही.

रक्त देऊन आलात की दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू करा. रिपोर्टची वाट बघू नका. हृदयविकार नसलेल्या ३१ वर्षांच्या बाईला ५० मायक्रोग्रॅमनं दोन-चार दिवसांत काही अपाय होत नाही. टीएसएच अजूनही १० च्या वर असेल तर प्रश्नच मिटला. ४ ते १० मध्ये आला तरी, टीपीओ पॉझिटिव्ह आणि मुलाचा विचार चालू असल्यामुळं डॉक्टर बहुधा गोळी चालूच ठेवतील. ४ च्या खाली आला तर ती थांबवून दोन महिन्यांनी पुन्हा बघता येईल. मुलाचा विचार नसलेल्या, टीएसएच ४ ते १० मध्ये असलेल्या वाचकांनी मात्र घाई करू नये. दोन-तीन महिन्यांनी दुसरी तपासणी झाल्याशिवाय गोळी लावून घेण्याचं सहसा कारण नसतं.

गोळी घेण्याची पद्धत तीन मिनिटांत सांगितली जाते आणि बहुतेकांचा टीएसएच तिथंच अडकतो. सकाळी उठल्यावर पाण्याबरोबर, उपाशीपोटी, आणि चहाच्या अर्धा ते एक तास आधी. नळाला पाणी येतं म्हणून तुम्ही पाचला उठत असाल तर गोळी माठाशेजारी ठेवा. घागरी भरून होईपर्यंत वेळ निघून जातो. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी. डेंग्यूनंतर लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी लिहून दिली असेल तर ती चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाला. सकाळी दोन्ही एकत्र गिळणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. लोह त्या गोळीला आतड्यातच धरून बसतं. तुमच्या भागात सोयाबीन घरचंच असतं आणि पिठात मिसळलं जातं. ते बंद करायची गरज नाही. फक्त गोळीनंतर लगेच खाऊ नका, आणि एक दिवस खूप, आठ दिवस काहीच नाही असं करू नका. कोबी, फ्लॉवर शिजवून खुशाल खा. बाटलीचं झाकण घट्ट लावा. चुलीच्या वरच्या फळीवर ती ठेवू नका, उष्णतेनं आणि ओलाव्यानं गोळीचा जोर कमी होतो. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन घेतल्या तरी चालतात. ब्रँड बदलू नका. बदलावाच लागला तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघा.

टीएसएच परत कधी? सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी नाही. या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सात दिवस लागतात, म्हणून नवा डोस स्थिरावायला दीड महिना जातो. तपासणीच्या दिवशी रक्त आधी द्या, गोळी नंतर. ग्रंथी पूर्णच बंद पडलेल्या माणसाला किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, तुमच्या ५८ किलोला सुमारे ९३. तुमची ग्रंथी अजून काम करते, म्हणून ५० पासून सुरुवात बरोबर आहे. पुढं ७५ झाली तर आजार वाढला असं समजू नका, डोस बसवायचं काम चाललंय.

‘जन्माची गोळी’ ही भीती मात्र थोडी उलगडून बघा. शरीर जे हार्मोन बनवतं तेच त्या गोळीत असतं. तिची सवय लागत नाही, आणि ती घेतल्यानं ग्रंथी कायमची आळशी होत नाही. बाळंतपण उरकल्यावर, डोस कमीच असेल तर, डॉक्टर तो उतरवून आठ आठवड्यांनी टीएसएच पाहू शकतात. तो जागेवर राहिला तर गोळी सुटली. हा निर्णय तेव्हाचा. आज त्यावर भांडण नको.

कोल्हापूरच्या पॅकेजचे अठरा हजार वाचवा. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात एपस्टीन-बार व्हायरस कधी ना कधी शिरून तिथंच झोपलेला असतो. ती तपासणी पॉझिटिव्ह येणारच, तुमचीही आणि दिरांचीही. डेंग्यूची आयजीजी (होऊन गेलेल्या आजाराची खूण असलेली अँटीबॉडी) तर आता येईलच. त्यावरून थायरॉइडबद्दल काहीही ठरत नाही, आणि हाशिमोटोवर व्हायरस मारून इलाज होत नाही. डेंग्यूचा विषाणू ताप उतरतानाच रक्तातून गेलेला असतो, शुद्धी करायला अंगात काही उरलेलं नाही. एकच अपवाद: पंचवीसेक वर्षांपूर्वी रक्त चढवलेलं असेल, डायलिसिस चालू असेल किंवा यकृताचे आकडे वाढलेले असतील तर हिपॅटायटिस सी ची तपासणी जरूर करावी. तो विषाणू आता तोंडी गोळ्यांनी बरा होतो.

घरगुती काढ्याला हरकत नाही, मात्र त्यात अश्वगंधा आहे का ते बघा. तिनं थायरॉइडची पातळी वर जाऊ शकते आणि गोळीचा हिशेब बिघडतो. मिठाचं उलटसुलट ऐकायला मिळेल. आयोडीननं थायरॉइड होतो म्हणून खडे मीठ किंवा सैंधव सुरू करू नका. पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठात दुकानात पोचेपर्यंत निदान १५ पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे. जेवणात एवढं लागतंच, गरोदरपणात तर रोजची गरज १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते. उलट आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेतल्या तर हाशिमोटो भडकू शकतो.

मुलीची लस थांबवू नका. पाच-सहा वर्षांला डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो; ती लस चुकली तर घटसर्प आणि डांग्या खोकला यांची दारं उघडी राहतात. आणि विषाणूमुळे थायरॉइड बिघडतो हे पटत असेल तर लस हवीच. पोटात असताना रुबेला झालेल्या मुलांमध्ये पुढे थायरॉइडचे आजार जास्त दिसतात, आणि रुबेला टळतो तो लसीमुळेच. तुम्हाला ती लस मिळाली होती का, तेही गर्भ राहण्याआधी विचारा. घ्यायची असेल तर नंतर एक महिना थांबावं लागतं. मुलीच्या अँटीबॉडी आत्ता तपासण्याची गरज नाही. तिची उंची वाढायची थांबली, गळ्याला फुगवटा दिसला किंवा ती सतत पेंगुळलेली असेल तर टीएसएच करा.

याच भागातल्या आणखी दोघींसाठी. टीपीओ पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल, अशांना गोळी लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच पुरे. इंग्लंडमधल्या व्हिकम गावात वीस वर्षं माग ठेवला, तेव्हा नुसत्या अँटीबॉडी असलेल्या बायकांपैकी वर्षाला २.१ टक्के आणि सोबत टीएसएचही वाढलेल्यांपैकी ४.३ टक्के पुढं पूर्ण आजाराला पोचल्या. आणि ज्यांना तापानंतर धडधड, कंप आहे आणि टीएसएच शून्याजवळ आहे, त्यांनी कार्बिमॅझोल (थायरॉइडचं काम कमी करणारी गोळी) सुरू करण्याआधी थायरॉइडचा स्कॅन किंवा टीआरएबी (ग्रेव्हजची अँटीबॉडी) तपासणी करून घ्यावी. दुखऱ्या सुजेत साठलेलं हार्मोन सांडत असतं, नवं बनतच नसतं, म्हणून ती गोळी तिथं निरुपयोगी. ग्रेव्हजमध्ये मात्र तीच लागते. तिच्यावर असताना ताप आला, घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, कारण क्वचित ती पांढऱ्या पेशी धोकादायक उतरवते. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी उतरतात, त्यामुळं पावसाळ्यात हा गोंधळ होतोच. डॉक्टरांना कार्बिमॅझोलचं नाव आधी सांगा. अजून डेंग्यू चालू असताना गळा दुखतो म्हणून आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाची भीती असते.

तुमचा टीएसएच खाली आला, दिवस राहिले, की पट्टी पॉझिटिव्ह दिसल्या दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट, आणि लगेच तपासणी. पुढं पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी. हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर आकड्यात लिहून घ्या, म्हणजे भाषेची अडचण येणार नाही. बाळंतपणाला माहेरी गडहिंग्लजला जाणार असाल तर कर्नाटकातल्या थायी कार्डाबरोबर (गरोदर मातेचं नोंदकार्ड) सगळे टीएसएचचे रिपोर्ट तारखेवार लावलेली फाईल न्या; राज्य बदललं की कार्ड बदलतं आणि डोसची नोंद मागं राहते. बाळ झाल्यावर डोस आधीसारखा होईल आणि सहाव्या आठवड्यात तपासणी होईल. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याचा टीएसएच तिसऱ्या ते पाचव्या दिवसात करायचा असतो. घरी सोडण्याआधी तो झाला का, ते तुम्ही स्वतः विचारा.